उपास कुणाला मानवतो?

उपासाविषयी बोलायला मराठी माणसाला आमंत्रण लागत नाही. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. चातुर्मासात एक दिवस उपाशी राहून दुसऱ्या दिवशी जेवण्याचे धरणे-पारणे. जैन शेजाऱ्यांचा चौविहार, मुसलमान मित्रांचे रोजे. त्यात गेल्या काही वर्षांत डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोहोचवलेली, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत आली. इंटरमिटंट फास्टिंग हे नाव तर आता कॉलेजातल्या मुलांच्याही तोंडी असते. त्यामुळे या विषयाची ओळख करून देताना वाचकांना उपास म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. ज्या गोष्टीकडे आपण सहसा वळून पाहत नाही, तिथून सुरुवात केलेली बरी.

उपासाच्या प्रत्येक गप्पांत एक वाक्य येतेच: तिला उपास मानवतो, मला नाही मानवत. घरात एक जण निर्जळी करूनही दिवसभर कामाला जुंपलेला असतो, तर त्याच घरातल्या दुसऱ्याचे दुपारी तीनलाच डोके चढते आणि पित्त खवळते. दोन वेळच्या जेवणाचा नेम एकाने सहा महिने पाळला की त्याचे कपडे सैल होतात. त्याच्या भावाच्या कंबरेवर मात्र ढिम्म परिणाम नाही. आपण याला सवय म्हणतो, मनाचा निग्रह म्हणतो, क्वचित नाटक म्हणतो. यातले काही खरे असेलही. पण शरीरशास्त्र आणि आनुवंशिकी यांच्या सीमेवर उभे राहिलेले एक तरुण अभ्यासक्षेत्र हे वाक्य गंभीरपणे घेते. उपासाला शरीर कसा प्रतिसाद देते हे माणसागणिक का बदलते, आणि त्या बदलात जनुकांचा वाटा किती, हा त्याचा प्रश्न आहे.

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या वाचकांनी एक सवय लवकर लावून घ्यावी. उपासावरच्या कुठल्याही प्रयोगाची बातमी सरासरी सांगते: अमुक गटाचे वजन सरासरी इतके घटले. तुम्ही त्या सरासरीच्या मागे जा आणि गटातल्या माणसांचे, किंवा उंदरांचे, आकडे किती पसरलेले होते ते पाहा. आपला विषय त्या पसाऱ्यात आहे.

प्रथम उपाशी शरीरात काय घडते ते थोडक्यात. जेवणानंतर काही तास रक्तातली साखर अन्नातून येते. ती ओसरली की यकृत आपला ग्लायकोजेनचा साठा फोडू लागते. हा साठा साधारण १०० ग्रॅमच्या घरातला. स्नायूंमध्ये त्याच्या कितीतरी पट ग्लायकोजेन असते, पण स्नायू ते रक्तात सोडू शकत नाहीत, स्वतःपुरतेच वापरतात. रात्रीच्या जेवणाला बारा-चौदा तास उलटेपर्यंत इन्सुलिन खाली आलेले असते, चरबीच्या पेशी मेदाम्ले सोडू लागलेल्या असतात, आणि यकृत त्यांतून कीटोन बनवायला घेते. एक पूर्ण दिवस गेला की यकृतातला साठा जवळजवळ संपतो. उपास लांबलाच तर काही दिवसांत मेंदूसुद्धा बऱ्याच अंशी कीटोनांवर भागवू लागतो. १९६०च्या दशकात बोस्टनमध्ये जॉर्ज कॅहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले. साबुदाण्याच्या खिचडीचा उपास या शास्त्राच्या हिशेबात उपास का धरला जात नाही, हे यावरून चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. तो पोटात गेला की इन्सुलिन पुन्हा वर, आणि हा सगळा क्रम पहिल्या पायरीवर.

या क्रमातले प्रत्येक काम कुठले ना कुठले प्रथिन करते, आणि त्या प्रथिनाचा आराखडा कुठल्या ना कुठल्या जनुकात असतो. ते जनुक तुमच्या-माझ्यात किंचित वेगळे असेल तर काय होते? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर निरोगी लोकांपेक्षा काही दुर्मीळ आजारांत सापडते, म्हणून नवख्या वाचकांनी तिथूनच सुरुवात करावी असे मी सुचवेन.

एसीएडीएम नावाचे एक जनुक आहे. त्यातून बनणारे एन्झाइम मध्यम लांबीच्या मेदाम्लांचे तुकडे करते. आई आणि वडील दोघांकडूनही या जनुकाची बिघडलेली प्रत आली, तर बाळ जन्मतः अगदी धडधाकट दिसते. दर दोन-तीन तासांनी दूध मिळते आहे तोवर त्या एन्झाइमची परीक्षाच होत नाही. मग एखाद्या दिवशी ताप येतो, उलट्या होतात, बाळ दूध घेत नाही आणि रात्रभर उपाशी राहते. ग्लायकोजेन संपते, शरीर चरबीकडे वळते, आणि चरबी पुरेशी जळतच नाही. साखर कोसळते, तिची जागा घ्यायला कीटोनही पुरेसे तयार होत नाहीत, बाळ मलूल पडते, बेशुद्ध होऊ शकते, दगावूही शकते. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत हा दोष तुलनेने जास्त आढळतो. अनेक देशांत आता नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो शोधतात. एकदा निदान झाले की मुख्य उपचार एका ओळीत सांगता येतो: या मुलाला फार वेळ उपाशी ठेवू नका, आणि आजारपणात खाणे तुटले तर थेट दवाखाना गाठा. बहुतेक शरीरांना सहज झेपणारी एक रात्र एका जनुकाच्या फरकाने जिवावर बेतू शकते.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आणि म्हणून अधिक बोलके आहे. लांब साखळीच्या मेदाम्लांना पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे जळण्याच्या जागी, शिरण्यापूर्वी एक जकातनाका ओलांडावा लागतो. यकृतात तो नाका सांभाळणारे एन्झाइम सीपीटी१ए या जनुकातून येते. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का आणि सायबेरियाचे ईशान्य टोक इथल्या आर्क्टिक समाजांत या जनुकाचे एक वेगळे रूप मोठ्या प्रमाणावर आढळते. त्याने एन्झाइमचा वेग मंदावतो, आणि लहान मुलांना दीर्घ उपास सोसण्याची ताकद कमी पडते. आता प्रश्न असा, की उपासमारीची टांगती तलवार असलेल्या बर्फाळ मुलुखात असले रूप टिकले कसे? टिकले एवढेच नाही, तर नैसर्गिक निवडीने ते उचलून धरल्याच्या खुणा जनुकीय आराखड्यात दिसतात. सील, देवमासा आणि मासळी यांच्या चरबीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या लोकांत या मंद नाक्याचा काही फायदा असावा, असा तर्क केला जातो. तर्क अजून तर्कच आहे. पण जनुकाला चांगले किंवा वाईट ठरवताना त्याच्यासोबतचे ताटही पाहावे लागते, हे त्यातून नीट कळते.

१९६२ साली जेम्स नील यांनी मांडलेली काटकसरी जनुकांची कल्पना याच जातीची होती: दुष्काळात चरबी साठवणारी जनुके सुकाळात मधुमेह आणतात. ऐकायला ती इतकी पटते की पुराव्याची आठवणच राहत नाही. पुढे २०१६ मध्ये सामोआ बेटांवर सीआरईबीआरएफ जनुकाचे एक रूप सापडले. ते वजन वाढवते, पण मधुमेहाचा धोका कमी करते. नील यांच्या गोष्टीचा पूर्वार्ध त्यात बसतो, उत्तरार्ध बसत नाही. असल्या सुबक गोष्टी भेटल्या की वाचकांनी थोडे सावध व्हावे.

निरोगी शरीरांतल्या फरकांकडे वळलो की एकेका जनुकाचा ठळक परिणाम हरवतो. शेकडो लहान फरकांची बेरीज-वजाबाकी सुरू होते, आणि त्यासाठी प्रयोगशाळेतला उंदीर लागतो. १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी कमी खाणाऱ्या उंदरांचे आयुष्य वाढते असे दाखवले. १९४६ मध्ये शिकागोचे अँटन कार्लसन आणि फ्रेडरिक होल्झेल यांनी उंदरांना ठरावीक दिवसांच्या अंतराने उपास घडवून तसाच निष्कर्ष काढला. नंतरची कित्येक दशके ‘कमी खा, जास्त जगा’ हा जणू नियमच झाला. मात्र बरेचसे प्रयोग थोड्याच वाणांवर झाले होते. १९९० च्या सुमारास चार्ल्स गुडरिक यांच्या प्रयोगांनी दाखवले की दिवसाआड खाण्याचा परिणाम उंदराचे वाण कोणते आणि उपास कोणत्या वयात सुरू केला या दोन्हींवर ठरतो. २०१० चा अभ्यास तर अंगावरच आला. त्यात एकाच कुळातून पैदास केलेली ४१ वाणे घेऊन प्रत्येकाचा आहार ४० टक्क्यांनी कमी केला होता. आयुष्य वाढलेल्या वाणांपेक्षा आयुष्य घटलेली वाणे जास्त निघाली. प्रत्येक वाणातले उंदीर थोडे होते, हा आक्षेप रास्त आहे आणि तो तुम्ही लक्षात ठेवावा. तरी नियमाला तडा गेला तो गेलाच.

या क्षेत्रात नव्याने आलेल्यांना एकच शोधनिबंध वाचायला सांगायचा तर मी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला निबंध सांगेन. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर येथील जॅक्सन लॅबोरेटरीत गॅरी चर्चिल आणि सहकाऱ्यांनी ९६० उंदरांवर, सर्व माद्यांवर, हा प्रयोग केला. हे उंदीर एका छापाचे नव्हते. आठ वेगवेगळ्या वाणांचे वंश मिसळून ते तयार केलेले, त्यामुळे प्रत्येक उंदीर आनुवंशिकदृष्ट्या वेगळा, जसा गर्दीतला प्रत्येक माणूस असतो. त्यांचे पाच गट केले: हवे तितके खाणारे, आठवड्यात एक दिवस उपाशी राहणारे, सलग दोन दिवस उपाशी राहणारे, २० टक्के कमी खाणारे आणि ४० टक्के कमी खाणारे. आणि मग प्रत्येकाच्या मृत्यूपर्यंत नोंदी ठेवल्या.

सरासरी अपेक्षेप्रमाणेच आली. हवे तितके खाणारे सुमारे २५ महिने जगले, उपास करणारे २८, २० टक्के कपातवाले ३० आणि ४० टक्के कपातवाले ३४. बातम्या इथे थांबल्या. पण सर्वांत कमी खाणाऱ्या गटात काही महिन्यांत मेलेले उंदीर होते आणि साडेचार वर्षे जगलेलेही होते. आहार एकच, काटेकोर मोजून दिलेला. आयुष्यावर आहारापेक्षा जनुकांचा प्रभाव जास्त असल्याचे संशोधकांना आढळले. आणखी दोन निष्कर्ष सवडीने वाचण्यासारखे आहेत. उपासाचे प्रयोग सुरू होण्यापूर्वीच जे उंदीर जाडजूड होते, त्यांचे आयुष्य उपासाने वाढले नाही. आणि कमी खाऊनही ज्यांनी आपले वजन टिकवून धरले ते जास्त जगले. वेगाने रोडावलेले लवकर गेले. वजनकाट्यावर नजर ठेवून उपास करणाऱ्याला हे खटकेल, आणि खटकावेच. आठवड्यातून एकदाच उपाशी राहणारे उंदीर उरलेल्या दिवसांत बरीच भरपाई करून घेत, हे वाचून ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीची व्याप्ती आपल्याला वाटते त्याहून मोठी आहे असे माझ्या मनात आले.

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराला चोवीस तासांचा उपास आपल्यापेक्षा फार कठीण जातो. एका रात्रीत त्याचे वजन लक्षणीय घटते. माकडांकडे वळावे तर तिथे दोन दीर्घ प्रयोगांनी दोन उत्तरे दिली. विस्कॉन्सिनच्या माकडांत कमी आहाराने आयुष्य वाढल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या माकडांत तसे काही न दिसल्याचे २०१२ मध्ये. आहारातली साखर वेगळी होती, वयेही वेगळी होती. शिवाय विस्कॉन्सिनची ऱ्हीसस माकडे भारतीय वंशाची, तर दुसऱ्या प्रयोगात भारतीय आणि चिनी अशी दोन्ही. २०१७ मध्ये दोन्ही गटांनी एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले आणि कमी आहाराने प्रकृती सुधारते यावर त्यांचे एकमत झाले. विज्ञानात भांडण असे मिटताना पाहायला मिळणे विरळाच.

माणसांतला पुरावा तुटक आहे, पण रंजक. क्लोद बुशार यांनी क्यूबेकमध्ये एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस रोज १००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. १९९० मध्ये निकाल आला: कुणाचे वजन सव्वाचार किलोंनी वाढले, कुणाचे तेरा किलोंहून अधिक, पण जुळ्या भावांची वाढ एकमेकांशी बरीच जुळणारी होती. हा उपासाच्या उलटा प्रयोग, तरी अन्नाला दिलेला प्रतिसाद रक्तातून येतो याचा तो स्वच्छ दाखला आहे.

उपासाच्या वेळेविषयीचा एक अभ्यास मराठी वाचकांना विशेष जवळचा वाटावा. एमटीएनआर१बी या जनुकातून मेलाटोनिनची खूण ओळखणारे प्रथिन बनते, आणि ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींवरही असते. रात्री मेलाटोनिन चढले की इन्सुलिनचा हात आखडतो, आणि या जनुकाचे एक सर्रास आढळणारे रूप असलेल्यांत तो जास्त आखडतो. स्पेनमधल्या मुर्सिया इथे मार्ता गाराउलेत आणि सहकाऱ्यांनी ८४५ जणांना एकदा झोपण्याच्या चार तास आधी आणि एकदा तासभर आधी ग्लुकोजचे पाणी पाजून रक्त तपासले. उशिरा घेतलेल्या ग्लुकोजनंतर इन्सुलिन कमी आणि साखर जास्त आढळली, आणि ज्यांच्याकडे ते रूप होते त्यांच्यात हा फरक अधिक होता. हे निष्कर्ष २०२२ चे. आता आपल्याकडचे दोन नेम शेजारी ठेवून पाहा. चौविहारात सूर्यास्तापूर्वी जेवण संपते. संकष्टीला दिवसभराचा उपास चंद्रोदयानंतर, म्हणजे बऱ्याचदा रात्री नऊच्या पुढे, मोदकांवर सुटतो. उपाशी राहण्याचे तास दोन्हीकडे सारखे धरले तरी एकाच शरीराला ते सारखे जातील असे नाही, आणि दोन शरीरांना तर नाहीच.

इथवर वाचून जनुकीय तपासणीसाठी लाळेची नळी कुरियरने पाठवून आपला उपासाचा प्रकार ठरवून घ्यावा असे कुणाला वाटले, तर त्यांनी दोन निबंध आधी वाचावेत. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला. कुणाला कोणता आहार मानवेल हे सांगू शकतील असे मानले गेलेले जनुकभेदही तपासले. २०१८ चा निकाल: दोन्ही गटांचे वजन सरासरी पाच-सहा किलो घटले, आणि जनुकांवरून केलेले भाकीत कामी आले नाही. प्रत्येक गटात कुणी तीस किलोंच्या आसपास उतरले होते, तर कुणाचे वजन उलट वाढले होते. पसारा खरा होता, पण त्याची किल्ली त्या जनुकभेदांत नव्हती. दुसरा निबंध २०२२ चा, चीनमधल्या ग्वांगजौचा. १३९ लठ्ठ व्यक्तींपैकी काहींनी कमी कॅलरी खाल्ल्या, काहींनी तितक्याच कॅलरी सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात बसवल्या. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनघटीत एकमेकांच्या मानाने लक्षणीय फरक पडला नाही. जनुकांचा वाटा मोठा असणे आणि तो आज एखाद्या व्यक्तीसाठी वाचता येणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर मोजणे हेच सध्या या क्षेत्राचे काम आहे. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी, उपासाचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. त्यासाठी जनुकांचे ज्ञान लागत नाही.

या विषयात महाराष्ट्राचे स्वतःचे योगदान आहे, आणि ते थोड्या अभिमानाने सांगावेसे वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. या बाळांचे वजन कमी, पण त्या मानाने अंगातली चरबी जास्त असते असे त्यांना दिसले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एक फोटो या संशोधनाची खूणच झाला आहे. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. उपासाचे यश वजनाच्या किलोंत मोजणारा अभ्यास आपल्या लोकांविषयी काय चुकवू शकतो, हे त्या एका फोटोवरून कळते. याला एकटी जनुके कारणीभूत नाहीत; आईच्या पोषणाचा त्यात मोठा वाटा आहे, आणि हे दोन धागे वेगळे करणे अवघड आहे. पुढे पुण्याच्या आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या संशोधकांनी एफटीओ या जनुकाकडे पाहिले. युरोपीय लोकांत हे जनुक वजनाच्या मार्गाने मधुमेहाशी जोडलेले दिसते. आपल्याकडे तो संबंध निव्वळ वजनाने उलगडत नाही, असे त्यांना २००९ मध्ये आढळले.

जगभरातली जनुकीय माहिती अजून बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, त्यामुळे तिकडची भाकिते इकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. त्यात आपल्याकडे जातीतल्या जातीत लग्ने शतकानुशतके झाल्याने एरवी दुर्मीळ असलेले काही जनुकभेद विशिष्ट समाजांत साठून राहिले आहेत. जीनोम इंडिया प्रकल्पाने देशभरातल्या सुमारे १० हजार लोकांचे जनुकीय आराखडे वाचून जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली केली. तिच्या शेजारी उपासाच्या काटेकोर नोंदी ठेवायच्या आहेत: कोण किती तास उपाशी राहिले, पारणे कशावर सोडले, दुसऱ्या दिवशी सकाळी साखर किती होती. वर्षभर एक दिवसाआड उपास करणारे वर्षीतपाचे साधक, धरणे-पारणे करणाऱ्या स्त्रिया, पिढ्यान्‌पिढ्या चौविहार पाळणारी कुटुंबे हे सगळे आपल्या आसपासच आहेत. तुम्ही विद्यार्थी असाल, डॉक्टर असाल किंवा नुसतेच जिज्ञासू असाल, आणि घरात उपास कुणाला मानवतो व कुणाला नाही याची तारीखवार वही ठेवायची तुमची तयारी असेल, तर या क्षेत्रात तुम्हाला काम आहे.